काता : पाठ, अर्थ आणि प्रयोग
(युद्धकलेच्या प्रशिक्षणातील ठरीव क्रियाक्रमांच्या मूल्याची चिकित्सा)

गोषवारा

कराटे, ज्युदो, केंदो इत्यादी युद्धकलांच्या प्रशिक्षणात ‘काता’ म्हणजे पूर्वनिश्चित क्रियाक्रमाला मोठे स्थान आहे. काता हाच कलेचा प्राण आहे, असे एक पक्ष मानतो. दुसरा पक्ष त्यास निर्जीव कवायत म्हणतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची ऐतिहासिक दाखल्यांच्या आधारे चिकित्सा केली आहे. काता हा स्वतः लढाईचा सराव नसून ज्ञान साठविण्याचा व देहाला वळण लावण्याचा एक पाठ आहे. त्याचा अर्थ जोडीदारासह केलेल्या प्रयोगातूनच सिद्ध होतो, असे येथे प्रतिपादन केले आहे. या निष्कर्षाचा महाविद्यालयांतील स्वसंरक्षण शिबिरांशी असलेला संबंधही शेवटी तपासला आहे.

बीजशब्द : काता, बुंकाई, कराटे, ज्युदो, केंदो, पुनरावृत्ती, स्वसंरक्षण.

१. प्रास्ताविक

अलीकडच्या काळात महाविद्यालयांतून विद्यार्थिनींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे भरविली जातात. शिबिराच्या सांगता समारंभात मैदानावर ओळीने उभ्या राहिलेल्या मुली प्रशिक्षकाच्या आकड्यांबरोबर एकाच वेळी वळतात, एकाच वेळी मूठ पुढे फेकतात. दृश्य प्रेक्षणीय असते. प्रमुख पाहुणे ‘आता आमच्या मुली सक्षम झाल्या’ असे उद्गार काढतात, छायाचित्रे निघतात, अहवाल सादर होतो.

अशाच एका शिबिराच्या संयोजनात प्रस्तुत लेखिका सहभागी होती. चौथ्या दिवशी एका विद्यार्थिनीने प्रशिक्षकांना विचारले, “सर, एक हात मारायला पुढे जातो तेव्हा दुसरा कमरेशी का ठेवायचा? तोंड उघडं राहतं की!” प्रशिक्षक चांगल्या मनाचे होते, परंतु त्यांनी दिलेले उत्तर एवढेच होते : “काता असाच असतो.” मुलगी गप्प बसली आणि पुन्हा ओळीत जाऊन उभी राहिली.

मराठी साहित्य शिकविणाऱ्या व्यक्तीला हे उत्तर अस्वस्थ करणारे वाटणे स्वाभाविक आहे. ‘कविता अशीच असते’ असे आपण वर्गात म्हणालो, तर अध्यापन तेथेच संपते. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न हा वस्तुतः युद्धकलांच्या इतिहासातील एका जुन्या वादाचा मूळ प्रश्न होता. ठरीव क्रियाक्रम वर्षानुवर्षे गिरविण्याला मूल्य आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या अटींवर, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेख त्याची चिकित्सा करू पाहतो.

२. संज्ञा आणि व्याप्ती

‘काता’ या जपानी शब्दाचा अर्थ आकार, साचा किंवा ठरलेली रीत असा होतो. युद्धकलेत काता म्हणजे उभे राहण्याच्या पद्धती, वळणे, प्रहार, अडवणूक आणि पकडी यांचा निश्चित क्रमाने बांधलेला समूह. तायक्वांदोमध्ये यास पूमसे म्हणतात. केरळच्या कळरिपयट्टूमध्ये मेय्पयट्टू हे देहाभ्यासाचे क्रम गुरुक्कळांच्या तोंडी आज्ञांवर, म्हणजे वायत्तारीवर, केले जातात. आपल्याकडील मर्दानी खेळांतही लाठी व दांडपट्ट्याचे ठरलेले हात असतात. ‘पवित्रा’ हा शब्द मुळात याच क्षेत्रातला. आज वर्तमानपत्रांत राजकीय पक्ष ‘आक्रमक पवित्रा’ घेतात तेव्हा, शस्त्र घेऊन उभे राहण्याची एक शिस्तबद्ध रीत त्या शब्दामागे आहे, याचे भान सहसा नसते.

याउलट आखाड्यातील कुस्तीत एकट्याने करावयाचा असा क्रियाक्रम नाही. जोर-बैठकांनी अंग तयार करायचे आणि डाव जोडीदाराच्या अंगावरच शिकायचा, ही तिची रीत आहे. म्हणजेच काताशिवाय युद्धकला शिकता येत नाही, असा दावा आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरणच खोडून काढते. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘काता अनिवार्य आहे काय’ हा नसून ‘काता नेमके काय देतो’ हा आहे.

येथे एक भेद प्रारंभीच नोंदविणे अगत्याचे आहे. काही काता दोघांनी मिळून करावयाचे असतात, तर काही एकट्याने. ज्युदो आणि केंदो यांतील प्रमुख काता पहिल्या प्रकारचे, कराटेतील दुसऱ्या प्रकारचे. वादाचे बरेचसे मूळ या भेदातच आहे.

३. ज्युदो आणि केंदो : दोन समतोल उत्तरे

कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात कोदोकान ही संस्था स्थापन करून ज्युदोचा पाया घातला. कानो हे पेशाने शिक्षक होते आणि पुढे तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखही झाले. त्यामुळे त्यांचा विचार मुळातच शैक्षणिक आहे. त्यांनी प्रशिक्षणाची दोन अंगे मानली : काता आणि रांदोरी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी मुक्त सराव. काताची तुलना त्यांनी व्याकरणाशी आणि रांदोरीची निबंधलेखनाशी केली होती. भाषेच्या अध्यापकांना या तुलनेचे मर्म वेगळे सांगावयास नको. व्याकरण न शिकलेला मनुष्य बोलू शकतो, परंतु त्याच्या लेखनास मर्यादा पडतात; आणि केवळ व्याकरण शिकलेला मनुष्य तर लिहीतच नाही.

कानो यांच्या योजनेतील दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. मुक्त सराव सुरक्षित व्हावा म्हणून त्यांनी त्यातून ठोसे, लाथा आणि घातक क्रिया वगळल्या. मात्र त्या नष्ट न करता ‘किमे-नो-काता’सारख्या क्रमांत जतन केल्या. ‘नागे-नो-काता’ या क्रमात पाच गटांत प्रत्येकी तीन, अशा पंधरा फेकी उजव्या व डाव्या दोन्ही बाजूंनी दाखविल्या जातात आणि त्या प्रत्यक्ष जोडीदारालाच उचलून टाकल्या जातात. तेथे चूक लपत नाही. तोल गेला नसेल तर समोरचा पडत नाही. तो स्वतःहून पडला, तर जाणकाराला ते दिसते.

केंदोचा इतिहास नेमका उलट्या दिशेने गेला. जुन्या तलवारबाजीच्या घराण्यांत लाकडी तलवारीने दोघांनी काता करणे हीच शिक्षणपद्धती होती. अठराव्या शतकात चेहरा, छाती व मनगटे झाकणारी संरक्षक साधने आणि बांबूची तलवार प्रचारात आल्यावर पूर्ण जोराने मारण्याचा मुक्त सराव शक्य झाला. तेव्हापासूनच जपानात वाद सुरू झाला. एका पक्षाच्या मते काता ही फुलांची आरास होऊन बसली होती. दुसऱ्या पक्षाच्या मते बांबूच्या तलवारीचा खेळ हा तलवारीचा धाक विसरलेल्यांचा खेळ होता. काताविषयीचा वाद हा आधुनिक अधीरतेतून जन्मलेला नाही, हे यावरून लक्षात यावे.

१९१२ मध्ये निरनिराळ्या घराण्यांतील तज्ज्ञांनी मिळून केंदोसाठी दहा काता निश्चित केले. त्यांपैकी सात लांब तलवारीचे असून तीन आखूड तलवारीचे आहेत. मुक्त सरावाने मिळणारी चपळाई कायम ठेवून, हातात आहे ती काठी नसून पाते आहे ही जाणीव टिकविणे हा त्यांचा हेतू होता. या काताची रचना शिक्षकांनी लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. दोघांपैकी जो ज्येष्ठ, तो प्रत्येक क्रमात प्रथम हल्ला करतो आणि प्रत्येक वेळी हरतो. कनिष्ठाला जिंकण्याची योग्य वेळ कळावी, यासाठी गुरूने अचूक अंतरावरून, खऱ्या आवेशाने हल्ला करून हरायचे असते. शिकविण्याची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे.

या दोन्ही परंपरांत काता आणि मुक्त सराव परस्परांची परीक्षा घेतात. त्यांच्यातील तणाव मिटविलेला नाही, तो उपयोगात आणला आहे.

४. ओकिनावा : शाळेत गेलेला काता

कराटेची कथा निराळी आहे. ओकिनावा बेटावर ही कला दीर्घकाळ थोड्या शिष्यांना खाजगीरीत्या शिकविली जात असे. एकेक काता वर्षानुवर्षे चाले. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी आत्मचरित्रात, आपण तेक्की गटातील तीन काता शिकण्यात दहा वर्षे घालविली, असे नमूद केले आहे. या कालावधीत क्रियांबरोबर त्यांचे अर्थ, पर्याय आणि अपवाद गुरूच्या तोंडून व हातून शिष्याकडे जात, असे मानावयास आधार आहे.

१९०१ पासून इतोसू आन्को (१८३१–१९१५) यांच्या प्रयत्नांनी कराटेचा ओकिनावातील शाळांत प्रवेश झाला. तेथे एका शिक्षकासमोर मोठा वर्ग होता, विद्यार्थी कोवळ्या वयाचे होते आणि वेळ थोडा होता. इतोसूंनी मुलांसाठी पिनान नावाचे पाच सोपे काता रचले. सर्वांनी ओळीत उभे राहून आकड्यांवर क्रिया करणे ही शालेय कवायतीची पद्धत कराटेत आली. घातक अर्थ मुलांना सांगण्याजोगे नव्हते, म्हणून ते मागे पडले. क्रिया टिकली, अर्थ पातळ झाला.

परंतु या परिणामासाठी इतोसूंना जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. १९०८ मध्ये शिक्षणाधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या दहा कलमांच्या पत्रात त्यांनी, प्रत्येक क्रियेचा अर्थ आणि तिचा प्रसंग जाणून घेऊन सराव करावा, असा स्पष्ट आग्रह धरला आहे. पकडीतून सुटण्यासंबंधी बरेच ज्ञान मौखिक आहे, याचीही जाणीव दिली आहे. म्हणजे कराटेला शाळेत नेणाऱ्या व्यक्तीनेच धोक्याची सूचना देऊन ठेवली होती. पद्धत टिकली आणि सूचना विसरली गेली. आपल्या शिक्षणव्यवस्थेतील अनेक सुधारणांचे असेच झाले आहे.

१९२२ मध्ये फुनाकोशींनी तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक दाखविले आणि तेथून ही कला मुख्य जपानभर व पुढे जगभर पसरली. पिनानचे हेइआन झाले, नाइहांचीचे तेक्की झाले. याच काळात मोतोबू चोकी (१८७०–१९४४) हे ओकिनावाचे दुसरे प्रख्यात शिक्षक मात्र वेगळ्या वाटेने जात होते. त्यांचा भर मुख्यतः नाइहांची या एकाच काताच्या सखोल अभ्यासावर होता आणि १९२६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले पुस्तक जोडीने करावयाच्या सरावावर होते. कातांची संख्या वाढविणे आणि काता समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मोतोबूंच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

५. आक्षेपाचे स्वरूप

काताविरोधी भूमिकेचा सर्वांत प्रभावी प्रवक्ता म्हणजे ब्रूस ली (१९४०–१९७३). ‘ब्लॅक बेल्ट’ या मासिकाच्या सप्टेंबर १९७१ च्या अंकातील लेखात त्याने पारंपरिक शैलींपासून मुक्त होण्याचे आवाहन केले. त्याच्या एकूण आक्षेपाचा आशय असा : जिवंत प्रतिस्पर्धी सतत बदलत असतो, काता बदलत नाही, म्हणून काताचा अभ्यासक प्रतिस्पर्ध्याला सामोरा न जाता आपल्या साच्यालाच सामोरा जातो. पाण्यात न उतरता पोहायला शिकण्यासारखेच हे आहे.

हा आक्षेप बिनतोड वाटतो. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ने त्यास पुष्टी दिली, असे अनेकांना वाटले. विविध शैलींच्या लढवय्यांच्या त्या स्पर्धेत ब्राझिलियन जिउ-जित्सूचा रॉयस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकला. त्याच्या परंपरेचा मुख्य भर प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी रोजच्या झटापटीवर होता, एकट्याने केलेल्या क्रमांवर नव्हता.

तथापि येथे दोन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात. पहिली अशी की, लीचे स्वतःचे शिक्षण हाँगकाँगमध्ये यिप मान यांच्याकडे विंग चुन या शैलीत झाले होते. त्या शैलीत मोकळ्या हाताचे तीन क्रम आहेत. परंतु त्यांच्या जोडीला ‘ची साव’ हा दोघांनी हात भिडवून स्पर्शातून समोरच्याची दिशा ओळखण्याचा सराव अविभाज्य आहे. ज्याला शिडी मिळाली होती, तो वर पोहोचल्यावर शिडी निरुपयोगी असल्याचे सांगत होता, असे म्हणण्यास जागा आहे. दुसरी गोष्ट अशी की, १९९३ ची स्पर्धा प्रतिकारयुक्त सरावाची अनिवार्यता दाखविते. काताची निरर्थकता दाखवीत नाही. मे २००९ मध्ये त्याच स्पर्धामालिकेत एका वजनगटाचे विजेतेपद मिळविणारा ल्योतो माचिदा हा वडिलांच्या हाताखाली शोतोकान कराटेत घडलेला होता. अर्थात तो केवळ काता करून विजेता झाला नाही. तो झटापटही शिकला होता. म्हणून हे उदाहरण काताच्या बाजूने निर्णायक ठरते, असेही म्हणता येणार नाही.

तात्पर्य, ब्रूस लीचा आक्षेप काताला पूर्ण प्रशिक्षण मानणाऱ्यांविरुद्ध अचूक आहे. काताविरुद्ध तो सिद्ध होत नाही.

६. एका क्रियेचे वाचन

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. शोतोकान शैलीतील हेइआन शोदान या प्राथमिक काताची पहिली क्रिया घेऊ. अभ्यासक डावीकडे वळतो, डावी मूठ उजव्या खांद्याजवळून खाली झाडतो आणि त्याच वेळी उजवी मूठ कमरेशी ओढून घेतो. प्रचलित स्पष्टीकरण असे की, डावीकडून आलेली लाथ हाताने खाली अडविली.

हे वाचन शब्दशः आहे आणि ते अडचणीत येते. वेगाने येणाऱ्या लाथेवर मनगटाजवळचे हाड आपटणे धोक्याचे आहे. मूठ प्रथम उलट्या खांद्यापर्यंत नेण्यास वेळ लागतो. आणि कमरेशी गेलेला हात तर काहीच करीत नाही. तो चेहरा उघडा टाकून बसतो. विद्यार्थिनीला दिसलेली उणीव खरीच होती.

परंतु कमरेशी ओढलेला हात रिकामा नाही, असे मानले तर? ‘हिकिते’ म्हणजे ओढणारा हात. त्या मुठीत समोरच्याचे मनगट किंवा बाही आहे, असे समजून वाचले की क्रिया पालटते. आपला हात धरणाऱ्याचे मनगट एका हाताने पकडून कमरेकडे ओढायचे, त्यामुळे त्याचा तोल पुढे येतो. आणि त्याच क्षणी दुसरा हात त्याच्या बाहूवर किंवा मानेवर वरून खाली झाडायचा. आता दोन्ही हात काम करतात, खांद्यापर्यंत जाण्याचे कारण कळते आणि अंतरही जुळते. काताच्या अशा विश्लेषणाला ‘बुंकाई’ म्हणतात.

येथे साहित्यसमीक्षकाला परिचित असा धोका उभा राहतो. मौखिक परंपरा बरीचशी खंडित झाल्यामुळे आज सांगितल्या जाणाऱ्या अनेक बुंकाई जुन्या आहेत की नव्याने रचलेल्या, हे ठरविणे अवघड असते. कल्पक मनुष्य कोणत्याही क्रियेतून कोणताही अर्थ काढू शकतो. मग वाचन ग्राह्य केव्हा मानावे? त्याची कसोटी प्राचीनत्व ही नव्हे. अर्थ सांगितल्यावर जोडीदाराने खरोखर हात घट्ट धरावा, ओढावे, विरोध करावा. क्रिया तरीही चालली तर वाचन टिकले. कवितेच्या अर्थाला अशी प्रत्यक्ष कसोटी लावता येत नाही. या बाबतीत काताचा वाचक आपल्यापेक्षा सुदैवी आहे. दुर्दैव असे की, उपलब्ध असलेली ही कसोटी बहुतेक वर्गांत लावलीच जात नाही.

७. पुनरावृत्ती आणि जतन

काताच्या समर्थनार्थ पुनरावृत्तीचा मुद्दा नेहमी मांडला जातो. हजारदा केलेली क्रिया अंगवळणी पडते, हे खरे. पण अंगवळणी काय पडते? सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (१८९६–१९६६) यांनी १९२० च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला. हातोड्याचा घाव नेमका बसत होता. परंतु खांदा, कोपर व मनगट यांच्या हालचाली दरवेळी थोड्या निराळ्या होत्या. कुशल कामगार एकच हालचाल पुन्हा करीत नव्हता. तो एकच प्रश्न पुन्हा नव्याने सोडवीत होता.

ही दृष्टी काताला लावली तर दोन प्रकारचे अभ्यासक वेगळे करता येतात. एक जण बाह्य आकृती जशीच्या तशी छापतो. दुसरा दरवेळी तोल, श्वास, अंतर आणि कल्पिलेला प्रतिस्पर्धी यांचा प्रश्न पुन्हा सोडवितो. बाहेरून दोघे सारखे दिसू शकतात. मात्र ज्याने प्रतिस्पर्ध्याचा हात कधी प्रत्यक्ष ओढलाच नाही, त्याला सोडविण्यासाठी प्रश्नच उपलब्ध नसतो.

असे असूनही अर्थहीन पठणालाही एक मूल्य आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आपल्याकडील वेदपठणाची परंपरा याचा दाखला आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी शब्द उलटसुलट गुंफून म्हटल्यामुळे लिखित आधाराशिवाय पाठ शतकानुशतके शुद्ध राहिला. म्हणणाऱ्या सर्वांनाच अर्थ कळत होता असे नव्हे. त्याच परंपरेत यास्कांच्या निरुक्ताने, अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. खांब नसता तर ओझे जमिनीवर पडून फुटले असते. पण ओझे वाहिल्याने खांबाला त्याचा लाभ झाला नाही. काता न समजता जपणाऱ्या पिढ्यांनी पुढील पिढ्यांना अर्थ शोधण्याची संधी ठेवली, हे त्यांचे ऋण आहे. त्यांनी स्वतः लढण्याची विद्या मिळविली, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

८. प्रदर्शनाचा काता

ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश होता आणि काता हा स्वतंत्र क्रीडाप्रकार होता. पुरुषांत ओकिनावाचा कियुना र्‍यो आणि महिलांत स्पेनची सांद्रा सांचेझ यांनी सुवर्णपदक मिळविले. दोघांच्या सादरीकरणातील संयम आणि देहावरील ताबा विलक्षण होता, हे निःसंशय. गुणदानात तांत्रिक अंगाला ७० टक्के आणि शारीरिक क्षमतेच्या अंगाला ३० टक्के भार होता. परंतु वैयक्तिक काताच्या संपूर्ण स्पर्धेत दुसरी व्यक्ती अंगणात येतच नाही. सांघिक काताच्या पदकलढतींत बुंकाई दाखविण्याची रीत आहे. पण तीही बसविलेली असते.

यात गैर काही नाही. नृत्याचा आपण लढाई म्हणून न्याय करीत नाही. तसाच प्रदर्शनाचा काता ही एक स्वतंत्र देहकला मानावी. शिवजयंतीच्या मिरवणुकीतील दांडपट्ट्याची फेक पाहताना आपल्याला जो आनंद होतो, तोही याच जातीचा आहे. घोटाळा होतो तो सादरीकरणाचे गुण स्वसंरक्षणाच्या खात्यावर जमा केले जातात तेव्हा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हते. त्यामुळे कला उणी झाली नाही आणि २०२१ मध्ये ती असल्यामुळे अर्थपूर्णही झाली नव्हती.

९. महाविद्यालयीन शिबिरांच्या संदर्भात

या विवेचनाचा आपल्याशी थेट संबंध आहे. शालेय मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेखाली तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद करण्यात आली; महाविद्यालयांतील शिबिरे तर बहुधा आठवड्याभराची असतात. काताचे मूल्य दीर्घ अभ्यासात आहे, हे वर पाहिले. मग आठवड्याभराच्या शिबिरात तास काताला देणे हे कोणत्या तत्त्वात बसते? उत्तर अप्रिय आहे : काता मोठ्या गटाला शिकविण्यास सोयीचा आहे, त्यात कोणाला इजा होत नाही आणि समारोपाला तो दाखविता येतो.

शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील विद्यापीठांत केलेले संशोधन २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ८९३ विद्यार्थिनींचा समावेश होता. बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात वर्षभरात बलात्कार घडण्याचे प्रमाण ५.२ टक्के, तर केवळ माहितीपत्रके दिलेल्या गटात ९.८ टक्के आढळले. त्या प्रशिक्षणाचा मोठा भाग, ओळखीच्या व्यक्तीकडून येणारा धोका वेळीच ओळखणे आणि नकार देताना वाटणारा संकोच मोडणे, यावर होता. शारीरिक प्रतिकार हा त्याचा एक भाग होता. कॅनडातील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण थोड्या तासांत काय शिकवावे, याची दिशा त्यातून निश्चित मिळते.

म्हणून येथे तीन सूचना कराव्याशा वाटतात. अल्पकालीन शिबिरात काता शिकवू नये. धोक्याची ओळख, स्पष्ट नकार आणि जोडीदाराच्या खऱ्या पकडीतून सुटण्याचा सराव यांना वेळ द्यावा. ज्या विद्यार्थिनींना रुची असेल त्यांच्यासाठी जिमखान्यात वर्षभराचा वर्ग चालवावा आणि तेथे काता अवश्य शिकवावा, परंतु प्रत्येक क्रमाबरोबर बुंकाई व मुक्त सराव असावा. प्रशिक्षक निवडताना पदकांच्या यादीबरोबर एक साधी परीक्षा घ्यावी : काताच्या कोणत्याही एका क्रियेवर बोट ठेवून ‘हा हात येथे का?’ असे विचारावे.

१०. समारोप

काताचे मूल्य निरपेक्ष नाही. तो ज्ञान जतन करतो, देहाला वळण लावतो, एकट्याला अभ्यासाचे साधन देतो; लढणे मात्र तो एकटा शिकवू शकत नाही. कानोंनी त्याला व्याकरण मानले, केंदोने त्याला मुक्त सरावाचा लगाम केले, इतोसूंनी अर्थासह करण्याची अट घातली. ज्या परंपरेने ही अट पाळली, तेथे काता जिवंत राहिला. जेथे ती सुटली, तेथे ब्रूस लीचा आक्षेप लागू पडला.

खोटा आत्मविश्वास हा अज्ञानापेक्षा घातक असतो. ओळीत सुरेख वळणाऱ्या मुलीला आपण सुरक्षित झालो असे वाटले आणि प्रसंगी तिचा हात कोणी खरोखर धरला, तर त्या क्षणाची किंमत आयोजकांना नव्हे, तिला मोजावी लागते. चौथ्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. कमरेशी जाणारा हात काहीतरी ओढून आणण्यासाठी जातो, एवढे जरी तिला सांगता आले असते आणि मैत्रिणीचे मनगट धरून ते करून पाहू दिले असते, तरी पाच मिनिटांत काता तिच्यापुरता अर्थपूर्ण झाला असता. यापुढील शिबिरात निदान ती पाच मिनिटे राखून ठेवणे आपल्या हाती आहे.